रोख, क्यूआर आणि खातेदार: वित्तीय समावेशनाच्या प्रश्नाचा आढावा

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावाचे नाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभर पोहोचले. देशातले पहिले आधार क्रमांक त्या दिवशी तिथे दिले गेले. बँकेची पायरी कधी न चढलेल्या माणसाला ओळख मिळेल, ओळखीवर खाते मिळेल आणि खात्यावर सरकारी पैसा थेट पडेल, असा त्यामागचा विचार होता. तेव्हापासूनच्या दीड दशकात खाती उघडली गेली, मोबाइल हातोहाती पोचले, आणि भाजीच्या हातगाडीवरही चौकोनी ठिपक्यांचा स्कॅनर लटकू लागला. रोखीकडून डिजिटल व्यवहारांकडे झालेल्या या प्रवासाने गरीब माणूस वित्तव्यवस्थेत खरोखर आला का, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. हा वाद आज कुठे उभा आहे, त्याचा हा आढावा.

प्रश्न नेमका कोणता?

वादातला बराच गोंधळ 'समावेशन' या शब्दाच्या अर्थातून येतो. २००८ मध्ये आलेल्या सी. रंगराजन समितीच्या अहवालाने दुर्बल घटकांना परवडेल अशा खर्चात वित्तीय सेवा आणि गरजेनुसार वेळेवर पुरेसे कर्ज मिळणे, अशी त्याची मांडणी केली होती. ती लक्षात ठेवली तर तीन पायऱ्या वेगळ्या करता येतात. पहिली, नावावर खाते असणे. दुसरी, त्या खात्यातून पैसे घेता-देता येणे. तिसरी, त्या व्यवहारांतून बचत, कर्ज, विमा किंवा अडचणीच्या वेळी हाताशी येणारी रक्कम असा काही टिकाऊ उपयोग होणे. डिजिटल व्यवहारांचे समर्थक अनेकदा पहिल्या दोन पायऱ्यांबद्दल बोलतात, टीकाकार दुसरीतल्या अडथळ्यांबद्दल आणि तिसरीच्या अभावाबद्दल. त्यामुळे दोघांचे आकडे खरे असूनही निष्कर्ष जुळत नाहीत.

शाखांचा काळ

स्वातंत्र्यानंतर बराच काळ समावेशन म्हणजे बँकेची शाखा गावाजवळ नेणे, असे समीकरण होते. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने प्रत्येक क्षेत्राचा स्वतंत्र विचार करून बँकसेवा आखावी, अशी शिफारस केली. जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे सोपवणारी अग्रणी बँक योजना याच विचारातून उभी राहिली. १९७५ मध्ये प्रादेशिक ग्रामीण बँका आल्या. १९७७ ते १९९० या काळात तर बँकेला आधीच सेवा असलेल्या ठिकाणी एक शाखा काढायची तर सेवा नसलेल्या ठिकाणी चार काढाव्या लागत.

या धोरणाने ग्रामीण दारिद्र्य कमी झाले, असे रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये मांडले. त्यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. ग्रामीण शाखा तोट्यात चालतात, कर्जे थकतात आणि शेवटचा माणूस तरीही सावकाराच्याच दारात असतो, ही तक्रारही जुनीच. महाराष्ट्रात ही पोकळी जिल्हा बँका, विकास सोसायट्या, पतसंस्था आणि पुढे बचतगट यांनी काही प्रमाणात भरली. भिशी तर कायद्याच्या नजरेआड चालूच राहिली.

शाखेचा खर्च परवडत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये किमान शिलकीची अट नसलेली साधी खाती आणि २००६ मध्ये 'बँकमित्र' ही व्यवस्था आणली. गावातलाच दुकानदार किंवा सुशिक्षित तरुण यंत्र घेऊन बँकेचे काम करणार, अशी ती कल्पना. त्या काळात उघडलेली अनेक खाती वापराविना पडून राहिली. खाते उघडल्यावर त्यात पैसा यायला काहीतरी कारण लागते, हा धडा तिथे मिळाला.

खाते, क्रमांक आणि मोबाइल

ते कारण सरकारी पैशाने पुरवले. राज्याच्या रोजगार हमी योजनेवर एके काळी मस्टर भरून मजुरी रोख वाटली जायची, आणि हजेरीपटावरची खोटी नावे हा दुष्काळी कामांवरचा नेहमीचा विषय असे. राष्ट्रीय रोजगार हमीची मजुरी २००८ पासून बँक किंवा टपाल खात्यातून देण्याकडे सरकार वळले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि घरटी निदान एक खाते हे लक्ष्य ठरले. खात्याला आधार जोडायचा आणि क्रमांकाच्या पत्त्यावर पैसे पाठवायचे, अशी रचना बसली.

देवघेवीचा दुसरा धागा राष्ट्रीय देयक महामंडळाचा. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २०१० मध्ये तत्काळ पैसे पाठवण्याची सेवा, २०१२ मध्ये रुपे कार्ड आणि एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आणले. कोणत्याही बँकेचे खाते कोणत्याही ॲपवरून चालावे, ही यूपीआयची खरी करामत. केनियात २००७ पासून गाजलेली एम-पेसा एका मोबाइल कंपनीच्या हातात होती. इथे रस्ता सामायिक ठेवला गेला आणि त्यावर गाड्या खासगी धावू लागल्या.

मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. चलनातल्या नोटांपैकी मूल्याने ८६ टक्के नोटा बाद झाल्या. 'कॅशलेस' हा शब्द गावच्या पारावर पोचला. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातले धसई हे बाजाराचे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानांत कार्ड घासायची यंत्रे बसली. नोटा परत आल्यावर धसईचा व्यवहारही मोठ्या प्रमाणात रोखीकडे वळल्याच्या बातम्या पुढे येत राहिल्या.

नोटाबंदीबद्दलचे अभ्यासही दुहेरी चित्र दाखवतात. गॅब्रिएल चोडोरो-राइश, गीता गोपीनाथ आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासानुसार त्या तिमाहीत आर्थिक हालचाल किमान दोन टक्के-बिंदूंनी घटली. ज्या जिल्ह्यांत नोटांची टंचाई जास्त, तिथे डिजिटल साधनेही वेगाने रुजली. धक्क्याने सवय लागते, पण तो धक्का सोसतो कोण, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे.

आकडे काय सांगतात?

यूपीआयवर २०१६-१७ मध्ये सुमारे १.८ कोटी व्यवहार झाले होते. २०२४-२५ मध्ये ते १८,५०० कोटींहून अधिक झाले आणि त्यांचे मूल्य सुमारे २६० लाख कोटी रुपये होते. ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच महिन्यात २,००० कोटींचा टप्पा ओलांडला गेला. जनधन खाती ५६ कोटींवर गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक महिलांची आणि सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण व निमशहरी भागातली. रिझर्व्ह बँकेचा वित्तीय समावेशन निर्देशांक मार्च २०१७ मध्ये ४३.४ होता, तो मार्च २०२५ मध्ये ६७ वर पोचला.

जागतिक बँकेच्या फिनडेक्स पाहणीत १५ वर्षांवरील भारतीयांपैकी खाते असणारे २०११ मध्ये ३५ टक्के, २०१४ मध्ये ५३ टक्के आणि २०२१ मध्ये ७८ टक्के होते. खातेदारीतले स्त्री-पुरुष अंतर २०१४ मध्ये सुमारे २० टक्के-बिंदू होते, ते २०२१ पर्यंत जवळपास मिटले.

याच पाहणीची दुसरी बाजू अशी की, २०२१ मध्ये खातेदारांपैकी ३५ टक्क्यांनी वर्षभरात खात्याला हातच लावला नव्हता. जगातल्या मोठ्या प्रमाणांपैकी ते एक होते. पुढच्या फेरीत हे प्रमाण बरेच उतरले, तरी २०२५ मध्ये जनधन खात्यांपैकी पाचातले एकाहून अधिक निष्क्रियच होते. आणि रोख? नोटाबंदीपूर्वी सुमारे १७.७ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या; मार्च २०२५ मध्ये त्या दुपटीहून अधिक झाल्या. सकल देशांतर्गत उत्पादनाशी असलेले चलनाचे प्रमाण २०२०-२१ मध्ये १४ टक्क्यांच्या पुढे गेले होते, ते नंतर ११ टक्क्यांच्या आसपास आले.

म्हणजे डिजिटल व्यवहार वाढल्याने रोख हटली, असे सरळ म्हणता येत नाही. चहा, भाजी, रिक्षा यांची देवघेव मोबाइलवर गेली. अडीनडीला घरात ठेवायची रक्कम मात्र नोटांतच राहिली, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

समर्थकांची मांडणी

डिजिटल व्यवहार समावेशनाला पूरक आहेत, असे मानणाऱ्यांचा पहिला आधार गळतीचा आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी अविभाजित आंध्र प्रदेशात सुमारे १.९ कोटी लोकसंख्येच्या क्षेत्रात मोठा प्रयोग अभ्यासला. बोटाच्या ठशावर चालणाऱ्या स्मार्ट कार्डातून मजुरी आणि निवृत्तिवेतन दिल्यावर पैसे लवकर मिळू लागले, वाटेतली गळती घटली आणि लाभार्थ्यांनीही नव्या पद्धतीला पसंती दिली.

दुसरा आधार स्त्रियांचा. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात दाखवले की, रोजगार हमीची मजुरी घरच्या पुरुषाऐवजी बाईच्या स्वतःच्या खात्यात गेली आणि खाते कसे वापरायचे हे तिला शिकवले गेले, तेव्हा तिचे मजुरीवर जाणे वाढले. नुसते खाते मिळालेल्या स्त्रियांमध्ये तसा फरक दिसला नाही. या अभ्यासाचा दाखला दोन्ही पक्ष देतात, हे त्याचे वैशिष्ट्य.

तिसरा आधार संकटकाळातल्या मदतीचा. केनियात विल्यम जॅक आणि टवनीत सूरी यांना आढळले की आजारपण किंवा पीक बुडण्यासारखा फटका बसला, तर एम-पेसा न वापरणाऱ्या घरांचा खर्च सुमारे सात टक्क्यांनी आक्रसतो. वापरणाऱ्यांना दूरच्या नातलगांकडून पैसे लगेच येत असल्याने त्यांचा खर्च टिकून राहतो. पुण्यात हमाली करणारा माणूस मराठवाड्यातल्या घरी रात्री दहा वाजता पाचशे रुपये पाठवतो, तेव्हा हेच घडत असते. पूर्वी त्यासाठी मनीऑर्डर किंवा गावाकडे निघालेला ओळखीचा माणूस शोधावा लागे.

चौथा आधार कर्जाचा. ज्याच्याकडे सातबारा नाही, पगारपत्रक नाही, त्याची पत मोजायची कशी? व्यवहारांची नोंद हेच त्याचे तारण, असे ही मांडणी सांगते. यूपीआयचा वापर वाढलेल्या भागांत पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्यांना आणि पतमानांकन कमी असणाऱ्यांना अधिक कर्ज मिळाल्याचे शाश्वत आलोक, पुलक घोष, निरुपमा कुलकर्णी आणि मंजू पुरी यांच्या अभ्यासात दिसते. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये आलेली स्वनिधी योजना याच तर्कावर उभी आहे: मूळ रचनेत सुरुवातीला दहा हजारांचे कर्ज मिळे, ते फेडले की मोठे, आणि डिजिटल व्यवहार केले तर वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत परतावा.

टीकाकारांची मांडणी

ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा यांच्यासारख्या अभ्यासकांचा मुद्दा असा की, सरकारची गळती थांबली तरी गरिबाची पायपीट वाढली असेल, तर ती हिशेबात धरायला हवी. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात २०१७ मध्ये स्वस्त धान्याऐवजी खात्यात पैसे देण्याचा प्रयोग झाला. लोकांना आधी बँकेत पैसे पडले का ते पाहायचे, मग ते काढायचे, मग रेशन दुकानात पूर्ण दराने तांदूळ घ्यायचा, असा फेरा पडला. मोठा विरोध झाल्यावर २०१८ मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. आंध्रचाच अभ्यास करणाऱ्या त्रयीने झारखंडमध्ये रेशनला आधार जोडण्याची तपासणी केली, तेव्हा गळती तितकी घटली नाही आणि काही खरे लाभार्थी मात्र बाहेर पडले, असे आढळले. आंध्रात पैसे गावातच मिळत होते आणि ठसा न जुळणाऱ्यालाही वाट ठेवलेली होती; झारखंडमध्ये ती अरुंद होती. तंत्र सारखे असून निकाल वेगळे का आले, याचे हे एक उत्तर.

दुसरा मुद्दा हातातल्या मोबाइलचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ७९ टक्के स्त्रियांचे स्वतः वापरायचे बँक खाते होते. पण स्वतः वापरायचा मोबाइल ५४ टक्क्यांकडे, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या फक्त ३३ टक्के. खाते बाईच्या नावावर, ॲप नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर आणि पिन घरात सर्वांना पाठ, अशी स्थिती असेल तर ते खाते नेमके कुणाचे?

तिसरा मुद्दा यादीबाहेरच्यांचा. एप्रिल ते जून २०२० मध्ये सुमारे २० कोटी महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा झाले. इतक्या वेगाने इतक्या घरांत पैसा पोचवणे एरवी शक्यच नव्हते, हे सर्वांना मान्य आहे. मात्र गरीब महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींकडे जनधन खाते नसल्याने त्या वगळल्या जातील, असा अंदाज रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच मांडला होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी सरकारी लाभांसाठी आधार वैध ठरवला आणि बँक खात्याला तो जोडण्याची सक्ती रद्द केली. प्रत्यक्षात लाभ हवा तर जोडलेले खाते हवे, ही साखळी कायम आहे.

मधली वाट

या दोघांच्या मध्ये तिसरा प्रवाह आहे. त्याच्या मते देवघेव सोपी होणे आणि गरिबी हटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एम-पेसामुळे केनियातली सुमारे १,९४,००० कुटुंबे तीव्र दारिद्र्यातून बाहेर आली, हा सूरी आणि जॅक यांचा २०१६ चा निष्कर्ष जगभर गाजला. मिल्फर्ड बेटमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याच्या पद्धतीवर बोट ठेवले: बुडालेले छोटे धंदे, वाढलेली कर्जे आणि कंपनीकडे गेलेला नफा यांचा त्यात विचार नाही, असे त्यांचे म्हणणे.

आपल्याकडचे उदाहरण ऊसतोडणीचे. बीडचा कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फेडत फडात राबतो. उचलीची रक्कम नोटांत मिळाली की खात्यात, याने तिच्या अटी बदलत नाहीत. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीचेही तसेच. पाऊस लांबला तर दुकानदार थांबतो. ॲपवरचा हप्ता थांबत नाही. डिजिटल कर्जाच्या नावाखाली लूट करणाऱ्या ॲपचा सुळसुळाट इतका झाला की, रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये आढळलेल्या सुमारे १,१०० कर्ज-ॲपपैकी ६०० बेकायदा होती. त्यानंतर २०२२ मध्ये नियम कडक झाले.

या प्रवाहाचा भर माणसांवर आहे: बँकमित्र, बचतगटातली बँकसखी, टपाल खात्याचा पोस्टमन. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला बँक १९९७ पासून हेच सांगत आली आहे की, बँक बाईच्या बाजाराच्या वेळेला तिच्या दारात गेली पाहिजे. स्मार्टफोन नसणाऱ्यांसाठी साध्या फोनवरचे यूपीआय मार्च २०२२ मध्ये आले, छोट्या रकमांसाठी पिनविना चालणारे यूपीआय लाइट त्याच वर्षी. तंत्र हजर आहे. ते समजावून सांगणारा माणूस मात्र सगळीकडे नाही.

ताजा दाखला: लाडकी बहीण

महाराष्ट्रापुरते हे सगळे मुद्दे २०२४ मध्ये एकाच योजनेत दिसले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये आधार जोडलेल्या स्वतःच्या खात्यात मिळू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिले हप्ते आले आणि काही महिन्यांत लाभार्थींची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली. नवऱ्याच्या खात्यावर भागवणाऱ्या असंख्य बायकांनी स्वतःचे खाते उघडले किंवा जुने जागे केले. ही समर्थकांची बाजू.

दुसरीकडे बँका, टपाल कार्यालये आणि सेवा केंद्रांपुढे आधार जोडणीसाठी रांगा लागल्या. आधारावर पाठवलेला पैसा ज्या खात्याला क्रमांक शेवटी जोडला गेला तिथे जातो; त्यामुळे 'पैसे आले म्हणतात, पण कुठल्या खात्यात?' हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. काही ठिकाणी जुनी दंडाची रक्कम किंवा कर्जाचा हप्ता त्यातून वळता झाला आणि तसे करू नका, असे सरकारला बँकांना सांगावे लागले. २०२५ मध्ये ई-केवायसीची अट आल्यावर रांगांची दुसरी फेरी झाली. आलेल्या पैशाचे काय होते, तो खात्यात राहतो की त्याच दिवशी अंगठा लावून बाहेर काढला जातो, यावरून तिसऱ्या पायरीचे उत्तर ठरेल.

खर्च कोण सोसणार?

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही, असा निर्णय १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. टपरीवाल्याने स्कॅनर लावला तो मुख्यतः यामुळे. यंत्रणा चालवण्याचा खर्च मात्र कुणाला तरी येतोच. सरकार त्यासाठी प्रोत्साहन निधी देते. २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांकरिता १,५०० कोटी रुपयांची योजना होती. बँका आणि कंपन्यांना हे अपुरे वाटते आणि मोठ्या व्यापाऱ्यांवर तरी शुल्क लावावे, अशी त्यांची मागणी आहे. विरोधी मत असे की, नोटा छापण्याचा खर्च आपण वेगळा मागत नाही, मग हा सार्वजनिक रस्ता का विकायचा?

खेड्यात हा प्रश्न बँकमित्राच्या कमिशनचा होतो. कमिशन तुटपुंजे असेल तर तो केंद्र बंद करतो किंवा पैसे काढून देताना वर दहा-वीस रुपये मागतो. मक्तेदारीची चिंताही आहे. यूपीआयच्या व्यवहारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक दोनच ॲपवरून होतात. कोणत्याही ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम देयक महामंडळाने २०२० मध्ये केला. त्याची मुदत वाढत वाढत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली आहे.

जोखीम आणि विश्वास

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्यावर विसंबलेले एक मोठे ॲप जवळपास दिवसभर ठप्प झाले. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये यूपीआयच काही तास अडखळले. शहरातल्या माणसाची यात गैरसोय होते. दिवसाच्या विक्रीवर दुसऱ्या दिवसाचा माल भरणाऱ्याचा धंदा बसतो.

फसवणुकीचे प्रमाण वाढते आहे. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये सायबर गुन्ह्यांत नागरिकांचे २२,८०० कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले. जमीन नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे बनावट ठसे करून आधारावरून पैसे काढल्याचे प्रकार काही राज्यांत उघड झाले. त्रयस्थाच्या चुकीने पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. मात्र ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच. नवशिक्या माणसाची फसवणूक बहुतेक दुसऱ्या प्रकारची असते.

नोंद हीच पत, या तर्काला उलटी बाजूही आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या उलाढालीवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत काही दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या झळकल्या. सरकारने पुढे माघार घेतली. जी नोंद कर्ज मिळवून देते तीच कराची चौकशीही आणते, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले.

रोखीची जागा

रोख पूर्ण जावी असे आज फारसे कुणी म्हणत नाही. सर्वांत कमी रोख वापरणाऱ्या देशांपैकी एक असलेल्या स्वीडनने २०२० पासून मोठ्या बँकांना रोख सेवा देणे कायद्याने बंधनकारक केले, आणि नॉर्वेने २०२४ मध्ये दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क बळकट केला. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली. नेटवर्क नसतानाही चालणारे आणि नोटेसारखे हातोहात जाणारे डिजिटल चलन शक्य आहे का, हा तिच्यातला समावेशनाशी जोडलेला भाग.

काय ठरले, काय बाकी आहे?

काही गोष्टींवर आता फारसा वाद नाही. खाती उघडण्याची मोठी लढाई बरीचशी जिंकली गेली आहे. सरकारी पैसा वेगाने पोचतो. दूरच्या माणसाला पैसे पाठवणे स्वस्त आणि सोपे झाले आहे. खाते बाईच्या ताब्यात असेल आणि ते वापरायला ती शिकली असेल, तर तिच्या आयुष्यात फरक पडतो.

बाकी प्रश्न कठीण आहेत. व्यवहारांच्या नोंदीवर मिळणारे कर्ज सावकाराची जागा घेते की त्याच्या जोडीला येते? शुल्क नसलेली यंत्रणा किती काळ चालेल, आणि शुल्क लागले तर टपरीवाला टिकेल का? निष्क्रिय खाती गरज नसल्याने पडून आहेत की वापरता येत नाहीत म्हणून? आणि यादीतून चुकून गळलेल्याला परत आत घेण्याची जबाबदारी कुणाची?

या सगळ्या चर्चांत एक मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो. रोखीत चूक झाली तर ती देणारा आणि घेणारा यांच्या डोळ्यांदेखत होते आणि जागच्या जागी मिटते. डिजिटल व्यवहार अडकला तर ग्राहक, दुकानदार, दोन बँका, ॲप आणि मधली यंत्रणा यांपैकी कुणाचे चुकले, हे समोर उभ्या असलेल्या दोघांना कळत नाही. आंध्र आणि झारखंड यांतला फरक, आधार जोडणीच्या रांगा, फसवणुकीचा नियम, बँकमित्राचे वरचे वीस रुपये: या साऱ्यांत व्यवहार फसल्यावरचा वेळ आणि पैसा कोण सोसतो, हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आहे. यशस्वी व्यवहारांची मोजणी आज महिन्याच्या महिन्याला होते. ठसा न जुळल्याने परतलेली माणसे, चुकीच्या खात्यात गेलेले हप्ते आणि तक्रार निकाली निघायला लागलेले दिवस यांची मोजणीही तितक्याच नेमाने, जिल्हावार जाहीर होऊ लागली, तर समर्थक आणि टीकाकार यांना निदान एकाच आकड्यावर बोट ठेवून वाद घालता येईल.